कागदाची वई

आमच्याकडे शेताच्या कुंपणाला वई म्हणतात. वई म्हणजे बाभळीच्या नाहीतर बोराटीच्या काट्यांची, हातात पैसे असले तर तारेची. बाबांनी मात्र काटोल रस्त्याकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेला बोगनवेलीची वई लावली. काटे असल्यामुळे ढोरं आत शिरत नव्हती हे खरं, पण तेवढ्यासाठी कोणी अकरा ठिकाणाहून अकरा झाडं गोळा करत नाही. गावात तिला ‘कागदाची वई’ म्हणत. आईला कोणी विचारलं तर ती म्हणे, “तुह्या काकाले नाद आहे बाप्पा. कोणाले दारूचा असते, याले या कागदाचा.”

बाबा कलम बांधायचे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवायचा, पट्टी बांधायची, डोळा फुटला की वरचा खुंट छाटायचा. या कामात हात बसलेला, म्हणून नागपुरातल्या बंगलेवाल्यांकडूनही बोलावणं यायचं. संध्याकाळी एसटीतून उतरले की पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन-तीन काड्या असायच्या. मागितल्याशिवाय त्यांनी एकही काडी आणली नाही. माळ्याजवळ बसायचं, बिडी द्यायची, संत्र्याच्या गोष्टी करायच्या आणि उठताना म्हणायचं, “भाऊ, हे एक काडी देतो का?”

झाडांची नावं त्यांना कोणी सांगितली नाहीत, आणि त्यांनीही विचारली नाहीत. जिथून काडी आली ते नाव. महाराजबागवाली, अजनीवाली, सेमिनरीवाली, कामठीवाली, सिव्हिल लाइन्सवाली, मिशनवाली. मला वईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ही नावं पाढ्यासारखी पाठ होती. संत्री मात्र सगळी नुसतीच संत्री.

नागपूरच्या उन्हात ही झाडं फुलायची तशी दुसरी कोणतीच फुलत नाहीत. २०१३ च्या मे महिन्यात शहराचा पारा ४७.९ वर गेला होता. तुळस वाळली, मोगरा करपला, संत्र्याची पानं दुमडून गेली आणि वई मात्र पेटल्यासारखी. बाबांना त्यात काही आश्चर्य वाटत नसे. संत्र्याला आपण ताण देतोच की. पाणी तोडायचं, झाड पिवळं पडू द्यायचं, मग पाणी सोडलं की बहार फुटतो. बोगनवेलीचं तेच. रोज पाणी घालून लाड केले की नुसता पाला. “झाडाले वाटलं पाहिजे का आता काही खरं नाही,” असं ते म्हणत.

बाबा गेल्यावर पाचव्या वर्षी रस्ता रुंद करायची मोजणी आली. जुलै महिना. खुणेचे दगड वईच्या आत, संत्र्याच्या पहिल्या ओळीला लागून रोवले गेले. संत्र्याचं एकेक झाड मोजलं, वय लिहिलं. वईपुढे लिहिलं, ‘झुडपे’. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, झुडपंच आहे ते. ना फळ, ना सावली. तू कायले मनाले लावून घेऊन राहिला?” त्याचं चूक नव्हतं. नुकसानभरपाई संत्र्याची मिळणार होती, आणि घर त्यावरच चालणार होतं.

मी ठरवलं, काड्या करायच्या. पावसाळा म्हणजे छाट कलमाला चांगले दिवस. पण पावसाळ्यातच अडचण होती. बोगनवेलीवर तेव्हा फूल नसतं. अर्धी वई एकमेकीत गुंतलेली, अजनीवाली कुठे संपते आणि कामठीवाली कुठे सुरू होते ते कळायला रंगच नाही. शिवाय मधल्या वर्षांत काही झाडं मेली, काही शेजारच्याला मिठीत घेऊन बसलेली. मशीन दिवाळीनंतर येणार असं ऐकू येत होतं. फुलं येईस्तोवर थांबायला वेळ नव्हता.

शेतकी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक सर ओळखीचे होते. त्यांच्याकडे फांद्यांचा भारा घेऊन गेलो. त्यांनी पहिल्यांदा मला फूल म्हणजे काय तेच सांगितलं. आपण ज्याला फूल समजतो ती रंगीत पानं आहेत, छदं. खरं फूल म्हणजे प्रत्येक पानाला चिकटलेली ती पांढुरकी बारीक नळी. रंगाच्या मागे धावू नका, ते म्हणाले, काटा पाहा, पान चोळा. पान मऊ, लव असलेलं आणि काटा जाड, वाकडा, तर ती स्पेक्टाबिलिस. पान गुळगुळीत, चकचकीत, काटा आखूड, टोकाला थोडा वळलेला, ती ग्लाब्रा. पान रुंद, अंड्याच्या आकाराचं आणि काटा सरळ, ती बट्टियाना, म्हणजे ग्लाब्रा आणि पेरुव्हियाना यांचा संकर.

या वेलीला नाव मिळालं ते बोगनव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीचं. १७६७ साली त्याच्या जहाजावरचा वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमरसन ब्राझीलमध्ये रिओला उतरला तेव्हा ती नोंदली गेली. सोबत त्याची मदतनीस होती, जान बारे, पुरुषाच्या वेशात, कारण त्या जहाजावर बाईला मनाई होती. रानात ओझी वाहणं, झुडपांत शिरणं तिच्याकडेच असायचं. नाव लागलं कप्तानाचं! आणि आज या वेलीच्या वाणांची जगभराची नोंद ठेवायचं काम दिल्लीच्या पुसा संस्थेकडे आहे, हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

काटा आणि पान पाहून सरांनी अजनीवाली आणि कामठीवाली एकच असल्याचं सांगितलं. मिसेस बट. १९१० मध्ये कोलंबियातल्या कार्ताहेना इथे सापडलेली, तिथून त्रिनिदादला गेलेली, कुठे कुठे क्रिमसन लेक नावानेही ओळखली जाते. बाबांनी दोन वेगळी झाडं म्हणून वीस वर्षं जपली. मला ते वाया गेलं असं वाटत नाही. दोन माळ्यांशी ओळख झाली होती. महाराजबागवाली ओळखायला तर काहीच लागलं नाही. तिच्यावर गेल्या उन्हाळ्याचे वाळके झुबके अजून लटकत होते. डबल जातीची महारा अशीच, फुलं वाळली तरी सोडत नाही.

सगळ्यात अवघड होती सिव्हिल लाइन्सवाली. मला आठवत होतं, एकाच झाडावर पांढरे आणि गुलाबी दोन्ही झुबके. सर म्हणाले, मेरी पामर. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, “काडी कोणत्या फांदीची घेणार?” मला त्याचा अर्थ लगेच कळला, कारण बाबा डोळा निवडताना तेच पाहत. झाडाचा प्रत्येक डोळा सारखा नसतो. एखाद्या फांदीत मधेच बदल होतो आणि तिच्यापासून वेगळाच वाण उभा राहतो. थंड मुलुखात फरच्या झाडावर कधीकधी दाट, खुरटा झुबका येतो, तो कलम करून तिथले हौशी लोक बागेसाठी बुटके फर तयार करतात, हेही सरांनीच सांगितलं. मेरी पामरच्याच फांद्यांपासून नुसती पांढरी शुभ्रा आणि मधोमध पिवळ्या पानाची थिम्मा निघाली. म्हणजे मी नुसत्या पांढऱ्या फांदीची काडी लावली तर रोप बहुधा पांढरंच होणार, बाबांचं झाड होणार नाही. आणि जुलैत फांदी पांढरी की गुलाबी हे कसं कळावं?

घरी येऊन आईला विचारलं. ती वईजवळ आली, काठीने खालची एक जाड फांदी दाखवली. “हे पाय. या फांदीवर दोन्ही यायचे. मी इथंच डबा घेऊन बसत जावो, तुहे बाबा कलमं बांधून राहायचे तवा.” आईला बोगनवेलीचा इतकी वर्षं राग होता असं आम्ही समजत होतो.

त्या फांदीच्या वीस काड्या केल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, रेती आणि शेणखतात लावल्या. बाकीच्यांच्या दहा-दहा. पिशव्यांवर बाबांचीच नावं घातली, खाली जमलं तिथे पुस्तकातलं नाव. सिव्हिल लाइन्सवालीच्या वीसपैकी सात जगल्या. सेमिनरीवालीची एकही नाही, ती गेली. मशीन जानेवारीत आलं आणि दुपारच्या चहापर्यंत वई निघाली. भावाने त्या दिवशी काम सोडून ट्रॅक्टर आणला आणि मिशनवालीचं बुड मातीसकट उचलून विहिरीपाशी आणून ठेवलं. मी त्याला सांगितलं नव्हतं.

या एप्रिलमध्ये सातपैकी पाच रोपं फुलली. तिघांवर दोन्ही रंग आहेत, दोघं नुसती पांढरी. पांढरी दोन सरांना दिली.

मिशनवालीचं मात्र अजून काही ठरत नाही. पान लव असलेलं, काटा वाकडा, पण सरांच्या ओळखीच्या कोणत्याच वाणाशी पूर्ण जुळत नाही. रंग बाबांच्या वेळी विटकरी होता असं मला वाटतं, भाऊ म्हणतो जांभळा, आणि आईला विचारलं तर ती म्हणते दोघंही खोटं बोलून राहिले. ट्रॅक्टरवर मुळं दुखावल्याने दोन उन्हाळे तिने नुसता पाला दिला. आता मुळं धरलीत. पंधरा दिवसांपासून भावाने तिचं पाणी तोडलं आहे.