सूर नेमून देणारे आपण कोण?
पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी म्हणजे 'क्वीन'चा हार्ड रॉक गायक. १९८५ साली त्याचा पहिला एकल अल्बम 'मिस्टर बॅड गाय' आला. त्यात गिटारचा दणका कमी, सिंथेसायझर आणि डिस्को जास्त. 'क्वीन' शोधणारे चाहते हिरमुसले. काहींना त्यातला मोकळेपणाच भावला.

हिरमुसणाऱ्यांत आम्हीही बसतो. नाशिकच्या आमच्या वस्तीत एका भीमजयंतीला ओळखीच्या गायक पोराने स्वतः लिहिलेलं प्रेमगीत सुरू केलं. आम्हीच खालून ओरडलो, "भीमगीत घे!" त्याने घेतलं. पुढच्या जयंतीला तो आलाच नाही.

मित्रांनो, जातीने नेमून दिलेलं काम नाकारणारी आपली चळवळ. मग आपल्याच गायकाला सूर नेमून देणारे आपण कोण? नावडलं तर जरूर सांगू; पण आधी पूर्ण ऐकू.

जय भीम!