एक जूनची माणसं

परभणी, 31 मे, रात्र.

आज आमच्या बॅचचे तिघं एकाच दिवशी निवृत्त झालो. योगायोग कसला! शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, "कधीचा?" आई म्हणाली, "ज्वारी काढणीला आल्ती तव्हाचा." गुरुजींनी 1 जून टाकली नि मोकळे झाले. तिघांची तीच गत. जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असला की अठ्ठावन्न भरताना नोकरी आदल्या दिवशीच संपते. म्हणून तर मे अखेरीस सरकारी कचेऱ्यांत शाली-श्रीफळांची एवढी झुंबड. मी खरा माघातला. साल कोणतं, ते विचारायला आता आई नाही.

नांदेडचं इंजिनिअरिंग कॉलेज 1981 सालचं. आम्ही शिकायला गेलो तेव्हा तेही पोरसवदाच होतं. पुढं एक जण पुण्याला, एक वीज मंडळात, मी इरिगेशनला. 'बनी तो बनी, नही तो परभणी' म्हणत मित्रांनी चिडवलं. माझी बनली ती इथंच, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. पैठणहून निघून दोनशेवर किलोमीटर येणारं पाणी. कागदावर ते शेवटपर्यंत पोचतं. टेलच्या शेतकऱ्याला मात्र दर पाळीला धाकधूक. भाषणांत माझ्या कर्तव्यदक्षतेचं कौतुक झालं. या धाकधुकीबद्दल कुणी बोललं नाही, मीही नाही.

दुपारी चार्ज दिला. नऊ वाजता फोन वाजला.

"साहेब, आमच्या चारीला पाणी कवा?"

सवयीनं डायरी उघडली, पाळीची तारीख सांगितली. मग नव्या साहेबांचा नंबर दिला.