बर्लिन नावाचे गाव आणि शनिवारची जर्मन शाळा

कॅनडा म्हटले की आपल्याकडे नायगारा धबधबा आणि बर्फ यांचीच आठवण निघते. आम्ही मात्र आज वाचकांना तेथील एका मध्यम शहराची ओळख करून देणार आहोत. टोरांटोच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर किचनेर नावाचे शहर आहे. शेजारीच वॉटर्लू आहे. दोन्ही शहरे एकमेकांना इतकी लागून आहेत, की एक कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. आमची भाची आणि जावई नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झाले आहेत. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयता रजा काढून ऑक्टोबर महिन्यात तिकडे गेलो होतो. त्या महिन्यात जे पाहिले त्यातले एकच प्रकरण येथे मांडतो, कारण ते आपल्या घराघरांशी संबंधित आहे.

ग्रँड नदीच्या खोऱ्यातील ही जमीन मूळची तेथील आदिवासी राष्ट्रांची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातून जर्मन बोलणारे मेनोनाइट शेतकरी येथे आले. मेनोनाइट हा शस्त्र हाती न घेणारा ख्रिस्ती पंथ. त्यांच्या मागोमाग थेट जर्मनीतून कारागीर आले. फर्निचर, चामडे, बटणे यांचे कारखाने निघाले. १८३३ साली गावाला बर्लिन हे नाव मिळाले. शाळेत जर्मन शिकवली जाई. १८५९ पासून ‘बर्लिनर जर्नल’ हे जर्मन साप्ताहिक निघत होते. १८७३ साली गाणाऱ्या मंडळींनी ‘कॉन्कॉर्डिया’ नावाचे मंडळ काढले. कॉन्कॉर्डिया म्हणजे एकोपा. परदेशी गेलेला माणूस पोटापाण्याची सोय झाल्यावर पहिल्यांदा काय करतो, तर आपले गाणे गाणारी चार माणसे शोधतो. जर्मन मंडळांची सुरुवात बहुतेक ठिकाणी अशी गायनापासूनच झालेली आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि चित्र पालटले. कॅनडा ब्रिटिश साम्राज्यात होता आणि जर्मनी शत्रू ठरला. गावच्या व्हिक्टोरिया बागेत कैसर पहिला विल्हेल्म याचा पुतळा होता, तो लोकांनी उचलून तळ्यात फेकला. नंतर तो बाहेर काढून कॉन्कॉर्डियाच्या सभागृहात ठेवला. फेब्रुवारी १९१६ मध्ये गावात तळ ठोकून असलेल्या पलटणीतील सैनिकांनी त्या सभागृहावर हल्ला केला, सामानाची मोडतोड केली आणि पुतळाही पळवला. त्याच वर्षी मे महिन्यात गावाचे नाव बदलावे की नाही यावर मतदान झाले. बदलण्याच्या बाजूने १५६९ मते पडली, विरुद्ध १४८८. म्हणजे फरक अवघा ८१ मतांचा. पुढे नवे नाव निवडण्यासाठी दुसरे मतदान झाले. त्यात निवडून आलेल्या नावाला ३४६ मते मिळाली! बहुतेक मतदार घरीच बसले होते. ते नाव किचनेर. इंग्लंडचे युद्धमंत्री लॉर्ड किचनेर जून १९१६ मध्ये बोट बुडून मरण पावले होते. हेच किचनेर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. म्हणजे आपल्यावर राज्य करणाऱ्या साहेबाचे नाव तिकडे जर्मनांच्या गावाला चिकटले. १९१८ साली शत्रूभाषेत छापण्यावर सरकारने बंदी घातली आणि जर्मन वृत्तपत्राचा आवाज बंद झाला.

गावाचे नाव गेले, वर्तमानपत्र गेले, शाळेतली भाषा गेली. राहिले काय? तर माणसे राहिली. त्या माणसांनी मंडळ पुन्हा उभे केले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा बंद पडले, आणि युद्धानंतर पुन्हा उघडले. या वेळी नवी भर पडली ती निर्वासितांची. युगोस्लाव्हिया, हंगेरी, रुमानिया या देशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, पण जर्मन बोलणारे लोक युद्धानंतर बेघर झाले होते. त्यातले कित्येक येथे आले. डॅन्यूब नदीकाठच्या लोकांचा श्वाबेन क्लब १९३१ पासूनच होता. ट्रान्सिल्व्हेनियातून आलेल्यांनी १९५१ साली आपला क्लब काढला. सगळे जर्मनच, पण प्रत्येकाची बोली वेगळी, पोशाख वेगळा, स्वयंपाक वेगळा.

या मंडळांचे काम कसे चालते, हे पाहण्याची आम्हांस उत्सुकता होती. चळवळीत सभागृहाचे भाडे, सतरंज्या आणि पावतीपुस्तके सांभाळण्यात आमचे आयुष्य गेले आहे. त्यामुळे आमचे लक्ष आधी जमाखर्चाकडे जाते. एका मंडळाच्या दुपारच्या जेवणाला आम्ही पाहुणे म्हणून गेलो. दाराशी टेबल, टेबलावर वही, वहीत नाव लिहून मगच आत. वाढणारे सगळे सभासद, पगारी कोणी नाही. मोठे सभागृह लग्नकार्याला भाड्याने जाते, स्वयंपाकघर आणि बिअरची विक्री यातून पैसा येतो, आणि त्या पैशातून गायनवृंद, मुलांचे नृत्यपथक, फुटबॉल, ज्येष्ठांची बैठक असे न कमावणारे उपक्रम चालतात. जे कमावते ते न कमावणाऱ्याला पोसते. हा हिशेब आम्हांस पटला.

सर्वांत मोठी कमाई ऑक्टोबरफेस्टची. १९६९ पासून या शहरात हा उत्सव होतो आणि कॅनडाच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सोमवारी मोठी मिरवणूक निघते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पहाटेपासून लोक खुर्च्या टाकून बसतात. बँडपथके, चित्ररथ, हिरव्या टोप्या, चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या. आम्हीही थंडीत कुडकुडत उभे राहून सगळे पाहिले. गंमत अशी, की हा पोशाख आणि हा उत्सव बव्हेरिया या एका प्रांताचा. मूळ उत्सव १८१० साली म्युनिकच्या राजघराण्यातील लग्नातून सुरू झालेला. येथल्या जर्मनांपैकी बहुतेकांचे पूर्वज बव्हेरियाचे नव्हेतच! पण बाहेरच्या जगाला जर्मन म्हणजे तेवढेच ठाऊक, म्हणून सगळ्यांनी तेच अंगावर चढवले. टोपी सर्वांना विकत घेता येते. भाषेचे तसे नाही.

ती भाषा शिकवण्याची सोय शनिवारी सकाळी असते. ऑन्टॅरिओ प्रांतात १९७७ पासून एक चांगली योजना आहे. शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला अडीच तासांपर्यंत मुलांना त्यांच्या आईबापांची भाषा शिकवायची, आणि ती सरकारी मदतीने. १९८९ साली कायद्याने असे ठरले, की पंचवीस मुलांच्या पालकांनी मागणी केली, तर शाळामंडळाने तो वर्ग काढलाच पाहिजे. ही योजना केवळ जर्मनांची नाही. पंजाबी, चिनी, पोर्तुगीज अशा अनेक भाषांचे वर्ग तिच्याखाली चालत आले आहेत. मागणी करणारे पुरेसे पालक एकत्र येणे एवढीच काय ती अट. वाचकहो, ही अट वाटते तितकी सोपी नसते, हे आपण सगळे जाणतो.

मोठ्यांचे वर्ग संध्याकाळी. युरोपातील सर्वच भाषांसाठी आता सहा पायऱ्या ठरल्या आहेत: ए-१ पासून सी-२ पर्यंत. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात शिकलेल्यांना त्या माहीत असतीलच. अशा वर्गाला येणारे तीन प्रकारचे असतात. कोणाला जर्मनीत नोकरी किंवा शिक्षण हवे, कोणाचे लग्न जर्मन घरात झालेले, आणि कोणाला आजोबांची पत्रे वाचायची असतात. या तिसऱ्या मंडळींची एक वेगळीच अडचण. भाषा शिकली तरी जुनी पत्रे वाचता येत नाहीत, कारण ती जुन्या वळणदार लिपीत लिहिलेली. ती लिपी शाळांतून १९४१ नंतर गेली. आपल्याकडे आजोबांच्या दप्तरातला मोडीतला कागद हातात घेऊन आपण जसे बसतो, तसेच ते.

मराठी माणसाला ही भाषा तितकी परकी वाटू नये. तिच्यात आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना टेबलाला ‘तो’ का म्हणायचे हे समजत नाही. आपल्याला फक्त एवढेच शिकावे लागते, की आपले ‘ते टेबल’ त्यांच्याकडे ‘तो’ आहे, आणि सूर्य ‘ती’ आहे. आकडेही आपल्यासारखेच. आपण एकवीस म्हणतो, म्हणजे आधी एक आणि मग वीस. ते ‘आइनउंटस्वान्झिश’ म्हणतात, म्हणजे एक आणि वीस. जावईबापूंनी आमच्याकडून मराठी आकडे पुन्हा घोकून घेतले, तेव्हा हे साम्य ध्यानात आले.

जेवणाच्या टेबलावर आमच्याशेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. लहानपणी युगोस्लाव्हियातून आईचे बोट धरून निघालेल्या. त्यांना आम्ही विचारले, “तुमची नातवंडे जर्मन बोलतात का?” त्या हसल्या. म्हणाल्या, “नाचतात छान. गाणीही पाठ आहेत. पण माझ्याशी बोलायचे असले की इंग्रजीत बोलतात. मुलांना कामावर त्रास होऊ नये म्हणून आम्हीच घरात इंग्रजी सुरू केली. मग शनिवारी शाळेत घातले.” थोडे थांबून म्हणाल्या, “घरात जे काढून टाकले ते शनिवारी परत आणायला निघालो.”

आम्ही कारकून माणसे. आम्ही हिशेब मांडला. मूल दिवसाला चौदा तास जागे धरले, तर आठवड्याचे अठ्ठ्याण्णव तास झाले. जमेच्या बाजूला शनिवारचे अडीच तास. उरलेले साडेपंचाण्णव तास दुसऱ्या भाषेचे. असा ताळेबंद कोणता लेखापरीक्षक मंजूर करील?

याउलट चित्र शहरापासून थोड्याच अंतरावर, सेंट जेकब्स आणि एल्मायराच्या बाजूला दिसते. तेथे जुन्या वळणाचे मेनोनाइट आजही घोडागाडीतून बाजारात येतात. त्यांच्याजवळ ना क्लब, ना नृत्यपथक, ना ऑक्टोबरफेस्ट. पण त्यांची चार वर्षांची पोरे आईशी त्यांच्या जुन्या जर्मन बोलीतच बोलतात. दोनशे वर्षे झाली, दोन महायुद्धे झाली, गावाचे नाव बदलले, पण त्यांच्या चुलीजवळची भाषा कोणाला बदलता आली नाही. बाजारात सफरचंदाचा मुरंबा विकणारी एक मुलगी आमच्याशी इंग्रजीत आणि धाकट्या भावाशी आपल्या बोलीत बोलत होती. या भाषेतून त्या भाषेत जाताना तिला क्षणाचाही विचार करावा लागत नव्हता.

भाची म्हणाली, “मामा, बघा, हेच खरे!” पण आमचे मन तेवढ्यावर राजी झाले नाही. या लोकांची मुले साधारणपणे आठवी झाली की शाळा सोडतात. जगापासून अंतर राखले म्हणून भाषा राहिली. पण त्या अंतराची किंमत मुलींनी आणि मुलांनी पुढचे शिक्षण सोडून मोजली. आमच्या घरात शिक्षण किती पिढ्यांनी आणि कोणत्या कष्टाने आले, ते आम्ही विसरू शकत नाही. भाषा राखण्यासाठी पोरांचे शिक्षण गहाण टाकायचे, हा सौदा आम्हांस मान्य नाही. आणि शिक्षणासाठी भाषा टाकायची, हा सौदा त्या आजीबाईंनी करून पाहिला. त्याचा पस्तावा त्यांच्या बोलण्यात होता.

मग उरते काय? आमच्या मते, मंडळ हवे, शनिवारची शाळा हवी, उत्सवही हवा. पण ही सगळी कुंपणे आहेत. पीक घरात यायचे. बाहेर मूल कोणत्याही भाषेत पदवी घेवो. घरात ताट वाढताना, रागावताना, आजारपणात कपाळावर हात ठेवताना भाषा आपलीच असावी. मुलांना दोन भाषांचे ओझे होते, ही समजूत खोटी असल्याचे त्या मुरंबेवाल्या मुलीकडे पाहून कोणीही सांगेल.

भाचीची मुलगी सात वर्षांची आहे. तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर इंग्रजीत येते. आम्ही निघण्यापूर्वी घरात एक ठराव झाला, सूचक जावईबापू आणि अनुमोदक मामी: रात्रीचे जेवण मराठीत. चुकले तर हसायचे नाही, रागवायचे नाही, फक्त तो शब्द मराठीत पुन्हा म्हणायचा. दर रविवारी आम्ही फोन करतो. पहिल्या रविवारी पोरगी म्हणाली, “आजोबा, मी आज ‘तो भाजी’ खाल्ला.” आम्ही म्हणालो, “अगं, ती भाजी खाल्ली.” ती म्हणाली, “हो, ती भाजी.” एवढेच झाले. पण हे एवढे घडायला ना सरकारची योजना लागली, ना इतर पालकांच्या सह्या. आपल्यापैकी ज्यांची मुले पुण्या-मुंबईत इंग्रजी शाळेत जातात, त्यांनीही आज रात्रीच्या जेवणाला हा ठराव मांडून पाहावा, अशी आमची विनंती आहे.