तेलाचा पिवळा कॅन

लेहहून परतून तीन आठवडे झाले. गोडेतेलाचा तो पाच लिटरचा पिवळा कॅन अजून बाल्कनीत उभा आहे. धुतला, उन्हात ठेवला, तरी झाकण उघडलं की पेट्रोलचा वास येतोच.

मनाली सोडल्यावर तांदीच्या पंपावर पाटी होती : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तिथेच तो भरून घेतला. हिने खर्चाच्या वहीत आकडा मांडला आणि त्या रात्रीचं 'हॉटेल' खोडून 'तंबू' लिहिलं. चर्चा नाही की कुरबुर नाही.

सरचूच्या पुढे गाटा लूपची २१ वळणं चढताना बुलेट धापा टाकायला लागली. विरळ हवेत आमचीही तीच गत. गाडीला ओझं नको म्हणून ही उतरून चालू लागली. आरशात लहान लहान होत गेली. वरच्या वळणावर मी इंजिन बंद केलं. इतकी शांतता, की थोड्या वेळाने तिच्या बुटांखालची खडी ऐकू यायला लागली.

तेव्हा नेमकं काय वाटलं, ते अजून धड सांगता येत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात वाट बघायचं काम बहुतेक तिच्याकडेच असायचं, एवढं मात्र आठवलं.

काल म्हणाली, "टाकून देऊ या का तो कॅन?"

म्हटलं, "बघू."