आठ वारस, एक माणूस

मोटारीची लाईट रात्री बाराला येणार होती. बीबीच्या शिवारात, गव्हाच्या धुऱ्यावर घोंगडं पांघरून मोबाईलवर सहज एक जुना इंग्रजी सिनेमा लावला, आणि मग लाईट आल्यावर पाणी बदलायला उठायचो तेवढाच तो थांबवायचो, की लगेच पळत परत! 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स', १९४९चा, रॉबर्ट हेमर यांचा. इतके दिवस हा मला कुणी सांगितला कसा नाही?

लुई नावाचा देखणा, अतिशय सभ्य तरुण. ड्यूकची गादी आणि तो यांच्यामध्ये घराण्यातले वारस उभे. तो एकेकाला वाटेतून दूर करतो आणि वंशावळीतलं नाव कापतो. पुरोहिताला विष, सेनापतीला बॉम्ब, फुग्यात बसून उडणाऱ्या अगाथाबाईंना बाण! आणि हे सगळं तो स्वतःच सांगतो, फाशीच्या आदल्या रात्री, चहाला बोलावल्यासारख्या मऊ आवाजात. त्या आवाजानंच हसू फुटतं. फाशी देणारासुद्धा आता ड्यूक झालेल्या लुईला 'महाराज' कसं म्हणायचं याची तालीम करतो.

ते आठही वारस ॲलेक गिनेस या एकाच नटानं केलेत, अगाथाबाईसुद्धा! त्यांना आधी चारच भूमिका देऊ केल्या होत्या, त्यांनी आठही मागून घेतल्या. चर्चमधल्या एका चौकटीत सहा गिनेस एकत्र दिसतात. कॅमेरामन डग्लस स्लोकोम यांनी भिंगाचा एकेक भाग झाकून तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे फिरवून ते टिपलं. 'तो मी नव्हेच' या नाटकात पणशीकरांचा एकच लखोबा पाच सोंगं घेतो. इथं उलट, माणसं आठ आणि चेहरा एकच, जणू सगळ्या घराण्याला एकच गर्व चढलाय. हेच गिनेस पुढे १९८४च्या 'अ पॅसेज टू इंडिया'त प्रोफेसर गोडबोले झाले!

पण माझा घास अडकला तो आईपाशी. लुईची आई त्याच घराण्यातली. इटालियन गायकाशी लग्न केलं म्हणून तिला तोडलं. मेल्यावर घराण्याच्या दफनघरात चार हात जागा मागितली, तीही नाकारली. खरं तर त्या घराण्याची गादी बाईच्या वंशातूनही चालते! लुईचा सूड तिथून सुरू होतो. आपल्याकडे २००५मध्ये कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हिस्सा दिला, तरी हक्कसोडपत्रावर सही करून रिकाम्या ओटीनं सासरी परतणाऱ्या बहिणी मी पाहिल्यात. त्यांचे चेहरे त्या अंधारात एकामागून एक समोर आले. हसताहसता डोळे भरले. इतका हलका आणि इतका खोल सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही.

शेवट सांगत नाही. शेवटच्या मिनिटाला मी घोंगडं टाकून उभाच राहिलो. एक तास सेहेचाळीस मिनिटं काढा, सातबारा ज्यांच्यासोबत वाटून घ्यायचाय त्या बहीणभावांना शेजारी बसवा आणि बघा.