मैलभर डाइमचं घर

शिकागोच्या मध्यवस्तीतून ग्रीन लाइनने दक्षिणेला निघालं की एका ठिकाणी गाडी पोलादी नळीत शिरते. खाली इथल्या आयआयटीच्या, म्हणजे इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या, विद्यार्थ्यांची इमारत आहे. त्यांना खडखडाटाचा त्रास नको म्हणून रूळच नळीत घातलेत. नळी संपली की लगेच ३५ व्या रस्त्याचं स्टेशन, ब्रॉन्झव्हिल. तिथे उतरून मी मिशिगन अव्हेन्यूने चालू लागले. मध्यवस्तीत हाच रस्ता भारी दुकानांनी झगमगत असतो. इथे त्याच्या कडेला जुनी घरं आहेत आणि मधूनमधून मोकळे प्लॉट, एखादा दात पडावा तसे.

मला जायचं होतं ३८३१ नंबरच्या घरात, साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटरमध्ये. हे विटांचं तीन मजली घर १८९० च्या दशकात एका धान्याच्या व्यापाऱ्यासाठी बांधलं. तेव्हा ही श्रीमंत गोऱ्यांची वस्ती होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबं गाड्या भरभरून शिकागोला येऊ लागली. शहरात बाकी ठिकाणी घर मिळायचं नाही, कारण खरेदीच्या करारातच कृष्णवर्णीयांना न विकण्याची अट असायची. सगळ्यांनी या चिंचोळ्या पट्ट्यातच राहायचं. पट्ट्यात चित्रकार भरपूर होते; चित्रं टांगायला भिंती नव्हत्या.

मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने देशभर शंभरावर कलाकेंद्रं काढली. सरकार पगार देणार, डागडुजी करणार. इमारत मात्र लोकांनी मिळवायची. मग वस्तीत वर्गणी सुरू झाली. मोहिमेचं नाव होतं ‘माइल ऑफ डाइम्स’. डाइम म्हणजे दहा सेंट. मी पर्समधून एक काढून तळहातावर ठेवला. अमेरिकेतलं हे सगळ्यात लहान नाणं, नखाएवढं. मैलभर ओळ लावायची तर जवळपास ९० हजार नाणी लागतील, म्हणजे साधारण ९ हजार डॉलर. विशीतली मार्गारेट बरोज ३९ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर डबा घेऊन उभी राहायची. पुढे त्या चित्रकार, कवी, शिक्षिका म्हणून नावाजल्या, आणि १९६१ मध्ये त्यांनी याच रस्त्यावरच्या आपल्या घरात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संग्रहालय सुरू केलं. आजचं डुसेबल संग्रहालय ते हेच.

वर्गणीतून हे घर घेतलं आणि केंद्र १९४० च्या अखेरीस सुरू झालं. ७ मे १९४१ ला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट रीतसर उद्घाटनाला आल्या.

पहिल्या मजल्यावरच्या दालनात पाऊल टाकलं आणि मी चित्रं बघायचं विसरले. भिंतींना उभ्या लाकडी फळ्या आहेत. शिकागोच्या न्यू बाउहाउस या डिझाइन शाळेच्या मंडळींनी केलेली ही रचना. खिळ्यांच्या भोकांनी फळ्यांची चाळण झाली आहे. काही भोकं एकमेकांना खेटून, काही भुवईच्या उंचीवर एकटीच. आठ दशकं प्रत्येक प्रदर्शनाने आपले खिळे मारले, काढले आणि भोकं तशीच राहू दिली. कुणी लांबी भरली नाही, रंग फासला नाही. माझ्या मते या घरातलं सर्वांत मोलाचं चित्र म्हणजे ही भिंत. चार्ल्स व्हाइट, आर्चिबाल्ड मोटली, एल्डझिअर कॉर्टर यांच्या पिढीची चित्रं या वास्तूत लागली आहेत. कुठलं भोक कुणाचं हे आता सांगता येणार नाही, पण मी बोट फिरवून पाहिलं. कडा गुळगुळीत झाल्यात.

छायाचित्रकार गॉर्डन पार्क्सची डार्करूम याच घराच्या तळघरात होती. दिवसा साउथ साइडच्या गल्ल्यांतून टिपलेली माणसं तो तिथे कागदावर आणायचा. त्या छायाचित्रांच्या जोरावर त्याला १९४२ मध्ये रोझेनवाल्ड फेलोशिप मिळाली. इथल्या कवितेच्या वर्गात तरुण ग्वेंडोलिन ब्रुक्स यायच्या. १९५० मध्ये त्यांना पुलित्झर मिळालं. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय.

महायुद्ध आलं, सरकारी पैसा आटला आणि देशभरची बहुतेक केंद्रं मिटली. हे टिकलं, कारण घर वस्तीचं होतं. डाइम टाकणारे लोक कुठे गेले नव्हते. त्यांनी बॉल नाच भरवले, वर्गण्या गोळा केल्या, वर्ग चालवले.

निघताना मी दारातल्या पेटीत नोट टाकली, डाइमही टाकला. मग स्टेशनकडे न वळता ३९ व्या रस्त्याने पूर्वेला चालत गेले, मार्टिन ल्यूथर किंग ड्राइव्हपर्यंत. बरोज उभ्या राहायच्या तो कोपरा पाहायचा होता. बसची वाट बघणारी दोन माणसं, शाळेतून परतणारी मुलं. सिग्नल दोनदा बदलेपर्यंत मी तिथेच उभी होते.