तीन पेले

वडील उंबऱ्यापाशी आले की आईला आधी वास कळे, मग पावले ऐकू येत. ती आम्हा भावंडांना आतल्या खोलीत नेई, दार लोटून घेई आणि पाढे म्हणायला सांगे. आमच्या घरात त्या वासाला विशेषण नव्हते. 'वास येतोय' एवढेच म्हटले जाई; कशाचा, हे सांगावे लागत नसे. एका शब्दात सगळी भीती मावत होती.

अशा घरात वाढलेल्या माणसाने पंचावन्नाव्या वर्षी व्हिस्कीची चव पारखायला बसावे, हे मलाही विचित्र वाटते. परदेशात नोकरी करणाऱ्या पुतण्याने आणलेली एक बाटली आमच्या कपाटात चार वर्षे तशीच पडून होती. वडील जे नाक दाबून, एका घोटात संपवीत, ते जगात काही लोक अर्धा अर्धा तास नुसते हुंगत बसतात, असे वाचनात आले आणि कुतूहल जागे झाले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार लागणारा परवाना रीतसर काढला आणि बाटली उघडली. पुढे तिच्या जोडीला आणखी दोन आल्या.

महिन्यातून एका शनिवारी, जेवणापूर्वी, मी तीन पेले मांडतो. पेला तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे गंध आत कोंडून राहतो. प्रत्येकात औषधाच्या मापाने पंधरा मिलिलिटर; तिन्ही मिळून पंचेचाळीस, म्हणजे एका मोठ्या पेगपेक्षा कमीच. पेल्यांच्या तळाला खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवून ओतण्याचे काम पत्नी करते. कोणत्या पेल्यात काय आहे, हे मला ठाऊक नसते. रंगावर विसंबता येत नाही. भट्टीतून निघालेली व्हिस्की पाण्यासारखी नितळ असते. तिचा रंग पिंपाच्या लाकडातून येतो आणि स्कॉचमध्ये जळक्या साखरेचा रंग मिसळण्यास कायद्याने मुभाही आहे. म्हणून भिस्त नाकावरच. आधी कोरडी हुंगायची, मग एक लहान घोट, मग पाण्याचे दोन-चार थेंब टाकून पुन्हा. त्या थेंबांनी गंध का खुलतो, याचे एक स्पष्टीकरण स्वीडनमधील दोन शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडले: धुरकट गंध देणारे रेणू पाण्यामुळे पृष्ठभागाकडे सरकतात.

तिघींचे स्वभाव वेगळे आहेत. पहिली स्कॉटलंडमधील स्पे नदीच्या खोऱ्यातली, सौम्य आणि फळांच्या वासाची. दुसरी तिथल्याच आयला बेटावरची. त्या बेटावर पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचून दबलेल्या वनस्पतींचा थर. मोड आणलेले जव त्याच्या धुरावर वाळवले की धूर दाण्यात मुरतो आणि सगळ्या प्रक्रिया झाल्यावरही टिकून राहतो. तिसरी बंगळुरूची 'अमृत'. जवापासून केलेली ही भारतीय व्हिस्की २००४ साली बाजारात आली ती थेट ग्लासगो शहरात, म्हणजे स्कॉच पिणाऱ्यांच्याच दारात. स्कॉचला निदान तीन वर्षे ओकच्या पिंपात राहावे लागते. तिथल्या थंडीत पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. त्याला ते लोक 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. बंगळुरूच्या उष्णतेत हा वाटा दहा टक्क्यांच्या पुढे जातो. उडते जास्त, पण मुरतेही लवकर.

पहिल्या काही शनिवारी मी इंग्रजी पुस्तकांतील शब्द वहीत उतरवले. त्यांत नाताळचा केक होता, डोंगरावरची हेदरची फुले होती. यांतले काहीच मी कधी हुंगलेले नव्हते. नोंदी बिनचूक दिसत. पण त्या माझ्या नव्हत्या. मग एकदा स्पेच्या पेल्यात नाक घातले आणि मनात आले, ही तर आंब्याची अढी! गवतात दोन दिवस झाकून ठेवलेल्या पाडाचा, गोड आणि किंचित आंबूस वास. तेव्हापासून वहीची भाषा बदलली. बंगळुरूच्या पेल्यापुढे 'काकवी, मागाहून सुंठ' असे लिहिले. खमंग, करपट, तुरट, खवट, उग्र, धुरकट असे कितीतरी शब्द स्वयंपाकघरात तयार होते. ज्या घरात या वासाला एकच शब्द होता, तिथेच त्याला वेगळे पाडणारे शब्दही होते. ते कोणी त्यासाठी वापरले नव्हते, इतकेच.

तरीही वही म्हणजे कवच नव्हे. दोन वर्षांपूर्वी कचेरीत वरिष्ठांकडून चारचौघांत अपमान झाला. त्या रात्री मी वही काढली नाही, माप काढले नाही, चिठ्ठ्या लावल्या नाहीत. हाताला लागली ती बाटली घेतली आणि पाण्याच्या साध्या ग्लासात ओतून भराभर प्यायलो. किती, ते आठवत नाही. कोणती, तेही सांगता येत नाही. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "झोपला नाहीस का रे अजून?" मी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने दार लोटल्याचा आवाज आला. तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो. पण तोवर तो दाराच्या आतल्या बाजूने ऐकला होता.

त्यानंतर सहा महिने कपाट बंद होते. पुन्हा पेले मांडले ते आईला सांगून. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. ती येऊन समोर बसली, काही वेळ नुसती पाहत राहिली आणि म्हणाली, "बघू." मी मधला पेला तिच्यापुढे धरला. तिने पदर नाकाला लावला, मग बाजूला केला आणि डोळे मिटून हुंगले.

"चुलीत ओली लाकडं घातल्यावर येतो तसला आहे," ती म्हणाली. जरा थांबून पुढे म्हणाली, "त्यांच्या तोंडाला असला नव्हता. तो आंबलेला असायचा. मळीसारखा."

इतक्या वर्षांत वडिलांच्या वासाला तिने पहिल्यांदाच विशेषण दिले होते. पेला माझ्याकडे सरकवत ती उठली. "वाईट नाही. पण तीनच्या वर नको."

पेला आयलाचा निघाला. त्या तारखेपुढे वहीत माझी नोंद नाही. तिचीच आहे, तिच्याच शब्दांत.